गार पास्त्याचा डोहाळा

गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी आमच्या रत्नागिरीच्या घरात गार पास्त्याचं सॅलड दोनदा करावं लागलं. पहिलं सकाळी तयार झालं आणि दुपारच्या आत परसात पुरावं लागलं. दुसरं जेवणवेळ उलटून गेल्यावर तयार झालं. दोन्ही माझ्या मुलीसाठी होती. तिला तिसरा महिना चालू होता आणि आठवडा उलटला तरी तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकत नव्हता.

मुलगी पुण्यात नोकरी करते. उलट्या सुरू झाल्यावर ती माहेरी आली, कारण पुण्याच्या इमारतीत चार घरांच्या स्वयंपाकाचे वास एकाच डक्टमधून तिच्या खोलीत शिरत. रत्नागिरीला घर मोकळं आहे, वारा आहे, इथे वास साचणार नाही, असा आमचा अंदाज होता. तो चुकला. मे महिन्यात आमच्या माजघरात आंबा असतो. पेंढ्यात घातलेली अढी अर्धी पिकली होती. मुलगी उंबरा ओलांडून दोन पावलं आत आली आणि तोंडावर ओढणी धरून परत अंगणात गेली. त्याच दिवशी सगळी अढी शेजारच्यांच्या पडवीत हलवली.

"आंब्याचा वास नको म्हणते," माझ्या नणंदेने शेजारणीला कुंपणावरून सांगितलं. "रत्नागिरीत! आता माशांनी समुद्राला नको म्हणायचं तेवढं राहिलं."

नणंद माझ्या यजमानांची थोरली बहीण. तिला संगमेश्वरकडच्या एका गावात दिली होती. पती मुंबईत नोकरीला होते. ते गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. मी तिला वन्सं म्हणते. माझी उभी हयात वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. त्यामुळे घरचं स्वयंपाकघर वन्संचं आहे, आणि त्याबद्दल आमच्यात कधी वाद झालेला नाही.

सोमवारी मुलीला गावातल्या नर्सिंग होममध्ये दुसऱ्यांदा सलाईन लावली. डॉक्टर बाईंनी जे सांगितलं ते असं: लघवीत ॲसिटोन आहे, म्हणजे शरीर उपाशी आहे. उद्याचा दिवस बघू. परवा सकाळी पुन्हा तपासू. कमी झालं नसेल तर दाखल करून घ्यावं लागेल, आणि गरज पडली तर कोल्हापूरला पाठवावं लागेल. "काय खाते हे महत्त्वाचं नाही," त्या म्हणाल्या. "राहतं काय ते महत्त्वाचं. गार द्या, गार पदार्थाला वास कमी येतो."

दाखल होणं या शब्दावर मुलीचा चेहरा बदलला. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ती अशीच एका इस्पितळात दाखल झाली होती. चार दिवसांनी घरी आली तेव्हा ती गरोदर नव्हती. दाखल होण्याचा आणि त्या घटनेचा संबंध नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. मला ते पटलं होतं. तिला पटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी यजमान कामासाठी पालीला गेले. घरात आम्ही तिघी राहिलो. काय खाशील, हा प्रश्न विचारायला घरात बंदी होती. मुलगी पुढच्या खोलीत खिडकीखाली पडून होती. मी तिथून तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती आपणहून बोलली.

"आई, ऑफिसच्या कँटीनमध्ये गार पास्ता मिळायचा."

"बरं."

"तो खावासा वाटतोय. आंबट असतो. फ्रीजमधून काढून तसाच देतात."

वन्सं दारात उभ्या होत्या. "गार म्हणजे? करून ठेवलेला?"

"हो."

"म्हणजे शिळा."

"शिळा नाही गं आत्या. गार."

"रात्रीचा भात सकाळी गारच असतो हो बाय. आम्ही त्याला शिळाच म्हणतो."

पण त्या खोलीतून गेल्या नाहीत. थोडा वेळ कोयंड्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोहाळा आहे हा. पुरवायला हवा. नाहीतर पोराच्या तोंडची लाळ खळत नाही."

"आधी माझ्या तोंडची खळू दे," मुलगी म्हणाली आणि उशाशी ठेवलेल्या भांड्यात थुंकली. त्या दिवसांत तिच्या तोंडाला सारखं पाणी सुटत असे.

मी स्कूटर काढली. पास्ता पहिल्याच दुकानात मिळाला, स्क्रूच्या आकाराचा. ऑलिव्ह तेल किराणा दुकानात नव्हतं. औषधांच्या दुकानात होतं.

"मालिशीचं ना?" दुकानदाराने बाटली काढतच विचारलं.

"नाही, खायचं."

"खायचं कोण नेत नाय इथं. हे न्या, बाळाला एकदम चांगलं."

"बाळ अजून यायचंय."

"मग घेऊन ठेवा की."

खायचं तेल बाजारापलीकडच्या मोठ्या दुकानात मिळालं. तिथेच पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, ढोबळी मिरची आणि काकडी घेतली. परत येताना रेंज नसलेल्या ठिकाणीही दोनदा फोन काढून पाहिला. कोणाचा काही निरोप नव्हता.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. खिडकी उघडी ठेवली. मुलगी दोन खोल्या पलीकडून फोनवर सूचना लिहून पाठवत होती.

"पाण्यात मीठ घाल."

"घातलं."

"पाकिटावर लिहिलंय त्याहून थोडा जास्त शिजव. गार झाला की कडक होतो."

"बरं."

"मग गार पाण्याखाली धर. निथळ. पाणी राहिलं तर ड्रेसिंग धरत नाही."

ड्रेसिंग म्हणजे व्हिनेग्रेट. तीन भाग तेल, एक भाग आंबट, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर. सगळं बरणीत घालून हलवायचं. मी तेल मोजून घेतलं आणि व्हिनेगरच्या बाटलीचं बूच फिरवलं. फोन लगेच वाजला.

"काय उघडलंस?"

"व्हिनेगर."

"बंद कर. घराबाहेर ठेव. प्लीज."

दार बंद होतं, टॉवेल जागेवर होता, मध्ये दोन खोल्या होत्या. तरीही तिला तो वास आला. मी बाटली खिडकीतून परसात ठेवली. घरात लिंबं दोन उरली होती. बाकीची तिने हुंगण्यासाठी चिरून संपवली होती. दोन्ही पिळली, बरणीला झाकण लावलं आणि हलवू लागले. तेल आणि रस हलवताना एकजीव होतात, थांबलं की पुन्हा वेगळे होतात. थांबायचं नाही म्हणून मी बरणी हलवत ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घातल्या. खिडकीबाहेर वन्सं कोकमाच्या फोडींना मीठ लावत बसल्या होत्या.

"ताक घुसळतेस की काय गो?"

"तेल घुसळतेय."

"कर, कर. पुण्याचा डोहाळा आहे."

काकडी आणि ढोबळी मिरची बारीक चिरून पास्त्यात घातली, वरून बरणी ओतली, हाताने हलकं कालवलं आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. मुलगी उठून बसली होती. तिने केस विंचरले होते. आल्यापासून पहिल्यांदाच. मी डॉक्टर बाईंना फोन करायला अंगणात गेले. सॅलडमध्ये कच्च्या भाज्या चालतील ना, एवढंच विचारायचं होतं. चालतील, नीट धुतल्या असतील तर, असं त्या म्हणाल्या.

त्या वेळात स्वयंपाकघरात काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. वन्संनी नंतर जे सांगितलं त्यावरून लिहिते. त्या ताक घ्यायला आत आल्या. फ्रीजमध्ये भांडं दिसलं. एक तुकडा तोंडात टाकून पाहिला. काकडी, लिंबू, मीठ, साखर, सगळं बरोबर होतं. फक्त वर तेल होतं आणि ते कच्चं होतं. कोशिंबीर घाईत झाली आणि फोडणी द्यायची राहून गेली, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांनी पळी गॅसवर धरली. मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक हिरवी मिरची.

मी अंगणात ऐकलं ते फक्त चर्र. मग वास आला. मी धावले. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं, टॉवेल पायाने बाजूला झालेला. मुलगी माझ्या आधी न्हाणीघरात पोचली होती. पोटात काही नव्हतं, त्यामुळे आधी पित्त पडलं आणि मग नुसतेच उमाशामागून उमासे येत राहिले. मी तिचं कपाळ धरून उभी राहिले. नंतर तिने मला हातानेच बाहेर जायला सांगितलं.

"वन्सं, काय केलंत हे?"

"काय केलं म्हणजे? फोडणी दिली." पळी अजून त्यांच्या हातात होती. "तशीच वाढणार होतीस?"

"ते तसंच खायचं असतं."

"कच्चं तेल? पोटुशा बाईला?"

"हो. त्याची रीतच तशी आहे."

"काकडीच्या कोशिंबिरीला देतेस की नाय फोडणी? ती काय गरम असते? मग या कोशिंबिरीनेच काय पाप केलं?"

"दार लावा!" न्हाणीघरातून मुलगी ओरडली. आवाज फाटला होता.

वन्संनी दाराकडे पाहिलं. मग हातातल्या पळीकडे. पळी त्यांनी बाहेर नेऊन मातीत उपडी घातली. परत येऊन भांडं उचललं, माडाच्या आळ्याशेजारी खड्डा केला, सगळं सॅलड त्यात ओतून वर माती ओढली आणि पायाने दाबली. परत आल्या त्या परसदाराने नाही, घराला वळसा घालून पुढच्या दाराने. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

त्यानंतर लाईट गेली.

मुलगी खोलीत आली आणि खाटेखालची बॅग ओढून काढली. गाऊन, टॉवेल, फाईल, चार्जर. एकेक वस्तू ती घडी न करता आत टाकत होती.

"काय करतेस?"

"उद्या घाई नको. आत्ताच भरून ठेवते."

"अजून दिवस आहे."

"आई, मला आता काही नको. डॉक्टरांना सांग, उद्या सकाळी दाखल व्हायलाच येतो."

मी बॅग बंद केली नाही आणि तिलाही करू दिली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली. पाकिटात अर्धा पास्ता शिल्लक होता. काकडी एक होती. लिंबू नव्हतं. फ्रीज बंद होता. बर्फ बनवायचे साचे मी पाहिले. रिकामे होते. शेजारीही लाईट नव्हती. पुढच्या आळीत आहे का ते पाहायला फाटकापर्यंत गेले. तिथेही नव्हती. परत आले, पुन्हा गेले. कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

पास्ता पुन्हा गॅसवर ठेवला. शिजत होता तेवढ्यात वन्संनी खिडकीतून विचारलं, "गार कसा करणार?"

"माहीत नाही."

"डबा दे. कडीचा, मोठा. विहिरीत सोडते."

आमच्या विहिरीवर पंप बसवल्यापासून रहाट नाही. दोर कुठेतरी पडून होता, तो त्यांनी शोधून काढला. मी पास्ता निथळून, काकडी मिसळून डब्यात भरला. वन्संनी झाकणावरून फडकं आवळून बांधलं, कडीला दोर बांधला आणि डबा कठड्यावरून खाली सोडला. मेमध्ये पाणी बरंच खाली जातं. जांभ्याच्या भिंतीला आपटू नये म्हणून त्या दोर हातभर हातभर देत होत्या. डबा पाण्याला टेकला आणि गळ्यापर्यंत बुडाला.

"बांधून ठेवा खांबाला," मी म्हटलं.

"आणि कलंडला तर? आत पाणी शिरेल. धरते मी."

ऊन डोक्यावर होतं. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि दोर दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

आता आंबटाचा प्रश्न होता. परसात ठेवलेली व्हिनेगरची बाटली घरात आणायची नव्हती. वन्संच्या कोकमांच्या परातीत रस सुटला होता, आणि आधीच्या घाण्याचं आगळ बाटलीत भरून ठेवलेलं होतं. आगळ म्हणजे मिठातलं कोकमाचं घट्ट पाणी. मी एक चमचाभर वाटीत घेऊन मुलीच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले.

"काय आहे?"

"आगळ. लिंबू संपलं."

ती कोपरावर उठली. मग हात पुढे केला. वाटी आधी लांब धरली, मग थोडी जवळ आणली, बोट बुडवून जिभेला लावलं. मी उंबऱ्यात उभी होते. ती भांड्याकडे वळली नाही.

"मीठ घालू नकोस," ती म्हणाली. "यातच खूप आहे. पास्त्याच्या पाण्यात घातलंस?"

"या वेळी नाही घातलं."

"साखर थोडी जास्त घाल मग."

बरणीत तीन भाग तेल आणि एक भाग आगळ घातलं. साखर आणि मिरपूड घातली. रंग गढूळ जांभळा झाला. हलवल्यावर गुलाबी. डबा गार होईपर्यंत ते ओतायचं नव्हतं आणि थांबलं तर फुटत होतं, म्हणून मी पुन्हा बरणी हलवत फिरत राहिले. स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून विहिरीवर, विहिरीवरून मुलीच्या खिडकीपाशी. खिडकीतून ती भिंतीकडे तोंड केलेली दिसे. विहिरीवर वन्सं दोर धरून उभ्या दिसत.

"झाला असेल?"

"अजून नाय. वरचं पाणी तापलेलं असतं. थोडा खाली सोडते." त्यांनी दोर वीतभर दिला. "तू एका जागी उभी राहा गो. तुला बघून मला गरगरतं."

यजमानांचा पालीहून फोन आला. काही खाल्लं का, त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. मी येऊ का? येऊन काय करणार, म्हटलं, आणि ठेवला.

डबा वर काढला तेव्हा फडकं भिजलेलं होतं, आतला पास्ता कोरडा होता. हात लावून पाहिला. फ्रीजइतका नाही, पण गार होता. बरणी शेवटची हलवून ओतली. पास्ता फिकट गुलाबी झाला.

मुलगी घरात खाणार नव्हती, घराला फोडणीचा वास लागला होता. ती परसात आली आणि विहिरीच्या सावलीच्या बाजूला कठड्याला टेकून बसली. डब्यात पाहिलं.

"कँटीनमधला असा नव्हता."

"असा नव्हता," मी म्हटलं.

वन्सं वाऱ्याच्या खालच्या बाजूला गेल्या, पार माडापाशी. आपल्या लुगड्याला वास असेल, असं त्यांनी जाताना सांगितलं. तळहातांवर दोराचे वळ उठले होते. त्यांनी ते पदराखाली घेतले.

मुलीने चमच्यावर एक तुकडा घेतला. खाल्ला. चमचा डब्यात तसाच ठेवून डोळे मिटून बसली. मी उभी होते. मग दुसरा घेतला.

"कसा आहे?"

"बोलू नकोस."

"मीठ बरोबर आहे का विचार," माडापासून वन्सं म्हणाल्या.

"आत्या!"

"बरं, बरं. मी बघतसुद्धा नाय." त्यांनी पाठ फिरवली. थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण काकडी तर खाते ना ती?"

मुलगी हसली. हसताना तिला ठसका लागला आणि तिने तोंडावर हात धरला. आम्ही दोघी तिच्याकडे धावलो. तिने दुसऱ्या हाताने थांबा म्हणून खूण केली. ठसका गेला. हात तोंडावरून काढायला तिला वेळ लागला. मग तिने चमचा पुन्हा उचलला.

डब्यातलं निम्मं संपलं तेव्हा ती थांबली. झाकण लावून डबा वन्संकडे दिला. "पुन्हा सोड विहिरीत. संध्याकाळी खाईन."

वन्संनी डबा सोडला आणि दोर धरून उभ्या राहिल्या. या वेळी मी त्यांना बांधून ठेवायला सांगितलं नाही. त्यांनीच थोड्या वेळाने खांबाला दोन वेढे दिले. मग पडवीत येऊन बसल्या, दर थोड्या वेळाने उठून वेढे पाहून येत. मी मुलीच्या खोलीबाहेर बसून होते. आतून खाटेची करकर ऐकू आली की उठत होते. ती कूस बदलत होती. एकदा ती न्हाणीघरात गेली. मी मागे गेले. नळाचा आवाज आला, दुसरा कुठला आवाज आला नाही. बाहेर येऊन तिने माझ्याकडे पाहिलं. "तोंड धुतलं," ती म्हणाली.

दिवेलागणीला लाईट आली. यजमान परत आले. त्यांना उंबऱ्याबाहेरच कपडे बदलायला लावले, कारण ते पालीला हॉटेलात जेवले होते. मुलीने उरलेला पास्ता खाल्ला, पाणी प्यायली आणि झोपली. वन्संनी त्या रात्री चूल किंवा गॅस काहीच पेटवला नाही. आम्ही तिघांनी पोहे भिजवून दह्यात खाल्ले.

सकाळी निघताना बॅग मुलीने बरोबर घेतली. नर्सिंग होममध्ये लघवीची तपासणी झाली. डॉक्टर बाईंनी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली आणि फाईलमध्ये नोंद केली. ॲसिटोन होतं, पण सोमवारपेक्षा कमी होतं. त्यांनी मुलीला दाखल करून घेतलं नाही. शुक्रवारी पुन्हा दाखवायला सांगितलं.